बुडालेल्या जहाजाची फळी

सागवानाची काळी फळी. झेंडूचा हार. मुलचेऱ्याजवळच्या एका घराचं बिनचौकटीचं दार.

फळी दीडशे वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेल्या शिडाच्या व्यापारी जहाजाची होती. लाकूड इथल्या जंगलातलं, म्हणून समुद्रातून वर काढलेली ती फळी वनखात्याच्या साहेबांनी कचेरीत काचेत मांडली आणि हार घालायला त्या घरातल्या झाडू नावाच्या माणसाला बोलावलं.

“तुमच्या पूर्वजांनी तोडलेलं झाड, झाडूभाऊ. अभिमान वाटतो ना?”

झाडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आमी तांदूळ वाहून झाडाले इचारतो, मंगच कुऱ्हाड लावतो. जहाजवाल्यानं कोणाले इचारलं? त्याच्या फळीले काच, अन् माह्या दाराची चौकट तुमी जप्त केली. पहिले चौकट द्या, मंग हार घालतो.”

“तो विषय वेगळा आहे.”

“लाकूड एकच हाये, साहेब.”

हार साहेबांच्या हातात देऊन झाडू निघाला.

चौकटीचं झाड वादळात आपोआप पडलं होतं.