चिंधी सुटलेले पातेले

मी एक जुने पितळी पातेले आहे. मित्रांनो, माझ्या पोटात पांढऱ्या रंगाचे पाणी आणि साबणाचा फेस याखेरीज काही पडले नाही, तरी घराघरांत लोकांनी मला टीव्हीवर उतू जाताना पाहिले आहे!

तांबटाने मला आणि माझ्या भावाला एकाच पत्र्यातून घडवले. पुढे आम्ही टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात कामाला लागलो. राजकारण्यांना स्वयंपाकघरात उभे करून त्यांची फिरकी घेणारा तो कार्यक्रम. त्यात एक गलेलठ्ठ नट मंत्री होई, दूध स्वतः पिई आणि जनतेला म्हणे, "फेस तुमचा! भांडू नका, सगळ्यांना पुरेल." लोक पोट धरधरून हसत.

दुधाचा खरा फेस दिव्यांच्या धगीत लगेच बसतो. म्हणून फेस माझा दाखवत आणि नट भावातले खरे दूध पिई. घोटाळा नको म्हणून स्वयंपाकीण मावशी माझ्या गळ्याला लाल चिंधी बांधी. चिंधी दिसली की तिथे डाव बुडवायचा नाही.

मग एका खऱ्या मंत्र्याला आमची थट्टा झोंबली. फोन आला म्हणे. झाले! सगळे एकमेकांकडे तिरके पाहू लागले. लेखक कुजबुजत बोले, दिग्दर्शक दार लावून बसत. मलासुद्धा वाटू लागले, भावाचे दूध आज पिवळट का दिसते?

अशातच एका सकाळी चित्रीकरणात नटाने डाव बुडवला तो माझ्यात. घोट घेतला आणि तोंडातून फेस काढत कोसळला. समोर बसलेल्या प्रेक्षकांना वाटले, अभिनय. काय टाळ्या पडल्या!

नटाला दवाखान्यात नेले. "विष," दिग्दर्शक पुटपुटले.

"मावशीचा भाचा मंत्र्याच्या कचेरीत आहे ना?" लेखक म्हणाला.

"शिपाई आहे हो तो!" मावशी म्हणाली. "त्याला तिथं चहासुद्धा कुणी विचारत नाही."

"असंच म्हणतात सगळे."

त्या दुपारी मावशीचा चहा किटलीतच निवला. कुणी कपाला हात लावला नाही. उद्यापासून येऊ नका, असे तिला सांगण्यात आले. मला ओरडावेसे वाटले. पण पातेल्याला कोण विचारतो? कुणी वाजवले तरच वाजायचे.

दुसऱ्या दिवशी मावशी आपला डबा न्यायला आली. तेवढ्यात दवाखान्यातून सुटलेला नटही धापा टाकत आला. "विष कसलं! साबण गेला होता पोटात," तो म्हणाला. दिवेवाले दादा हाताला लाल फडके गुंडाळून दिवा उतरवत होते.

"दादा, हे कुठलं फडकं?" मावशीने विचारले.

"काल दिवा चटके देत होता. पातेल्यावरचं दिसलं, घेतलं."

सगळ्यांनी आधी माझ्या उघड्या गळ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे.

"मावशी, झालं गेलं विसरा," दिग्दर्शक म्हणाले. "चहा टाका बघू."

मावशीने चहा टाकला. सर्वांदेखत पहिला घोट स्वतः घेतला, मग कप पुढे केले. "घ्या. मेले नाही मी."

ती आजही तसेच करते. दूध असो, चहा असो, आधी स्वतः चाखते.

मित्रांनो, मन चिंती ते वैरी न चिंती. वैऱ्याने एक फोन केला. बाकीचे सारे आम्ही घरच्यांनी केले. देवाने डोळे दिलेत, ते तिरके करण्याआधी सरळ वापरून पाहा. आणि तुमच्याकडे कुणी वाढण्याआधी असे चाखून दाखवू लागले, तर प्रेमाने त्याचा हात धरा. आमच्याकडे अजून कुणी धरलेला नाही.