वाजणाऱ्या कड्या

"अण्णा, आत तरी या. बाहेरून काय कळणार?" मोनालीने ट्रेलरच्या दारातून सासऱ्यांना हाक मारली.

हौसेराव दिघ्याच्या गॅरेजात चाकाजवळच उभे राहिले. "हितनंच दिसतंय की समदं. काडेपेटी हाय नुसती."

ती काडेपेटी त्यांच्या मुलाने, शिवतेजने जुनीच विकत घेतली होती. गाडीच्या मागे जोडायची आणि हिंडायचं. आत पुढे नवराबायकोचा रुंद पलंग, मागे एकावर एक दोन बंक, मध्ये शेगडी आणि हात धुवायला छोटंसं बेसिन. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी कोकणात जायचं, समुद्राच्या कडेला मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. म्हणजे दोघांनी ठरवलं होतं. हौसेराव नाही म्हणत होते. आणि ते नाही म्हटले की शिवतेजही जाणार नव्हता. गेल्या थंडीत आई, रंगूबाई, गेल्यापासून अण्णांना रात्री घरात एकटं ठेवायचं नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"तुमी जावा. मी काय ल्हान पोर हाय का?"

"परत तेच! तुम्ही नाही तर कॅन्सल," शिवतेज ट्रेलरखालून ओरडला. "विकून टाकतो डबा."

खरं कारण हौसेरावांना मुलाला सांगता येत नव्हतं. कोपरखैरण्याच्या घरात हौसेराव जिना उतरण्याआधी खाकरायचे. तेवढ्यात खाली लोळत असलेली सून उठून बसायची, सोफ्यावरचे पाय खाली घ्यायची. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं, कधी बोलूनही दाखवलं नव्हतं. हौसेरावांचे वडील असेच खाकरायचे आणि रंगूबाई पदर सारखा करायची. पण या ट्रेलरमध्ये खाकरायचं कुठे? खाकरायलाही थोडं अंतर लागतं.

मोनालीला ते कळलं असावं. "प्रत्येकाला आपापला पडदा लावू ना अण्णा. आत शिरायचं, पडदा ओढायचा, झाली आपली खोली, वन आरके! कापड आणलंय मी. शिवायला टेलर आहे. लावून मात्र तुम्ही द्यायचं. याला ड्रिल धरता येत नाही."

"ए, अख्खी गाडी खोलली मी!"

"आणि जोडली कुणी? मिस्त्रीने."

हौसेरावांना हसू आलं. तुर्भ्याच्या कंपनीत त्यांचा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. "टेप दे हिकडं," म्हणत ते पहिल्यांदा आत चढले.

घरी आल्यावर हूक शोधायला त्यांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. हूक सापडले. त्यांच्याखाली पडद्याच्या जुन्या लोखंडी कड्या होत्या. प्रत्येक कडीवर पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला. आता तो तांबूस झाला होता.

हौसेराव डबा मांडीवर घेऊन तिथेच बसले.

लग्न झालं तेव्हा याच जागेवर एकच खोली होती. आईवडील, धाकटा भाऊ आणि हे दोघं. तारेवर कड्या ओवून रंगूबाईच्या लुगड्याचा पडदा केला होता. पडदा सरकला की कड्या खळकन वाजायच्या, आणि अंधारात कुणीतरी कूस बदलायचं. लाजेने रंगूबाई रात्री पाणी प्यायलाही उठायची नाही. मग एका दुपारी ती कड्यांना दोरा गुंडाळत बसली. सासू भाजी निवडत समोरच होती. तिने काय चाललंय ते पाहिलं, पण विचारलं नाही. दोरा अर्ध्यातच संपला. संध्याकाळी सासू बाजारातून आली आणि दोऱ्याचं नवं रीळ रंगूबाईच्या पुढ्यात ठेवून चुलीकडे गेली.

हे रंगूबाईने पुढे सुनेलाही कितीदा तरी सांगितलं होतं. दरवेळी सांगताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

रविवारी हौसेरावांनी पडदे लावले. शिवतेज स्क्रू हातात देत होता आणि बोलणी खात होता. दोन लावून झाल्यावर मोनालीने आधी मागचा, खालच्या बंकचा पडदा ओढून पाहिला. नव्या स्टीलच्या कड्या खणखणल्या.

"अण्णा, केवढा आवाज!" शिवतेज म्हणाला. "तेल सोडा की जरा."

"ऱ्हाऊ दे. त्यो माझा हाय. वाजाय पायजे."

"कशाला?"

हौसेरावांनी ड्रिल पुसायला घेतलं. मोनाली पुढे गेली. तिने मोठ्या पलंगाचा पडदा ओढला. तो आला, गेला, काहीच वाजलं नाही. तिने वर पाहिलं. तारेत दोरा गुंडाळलेल्या जुन्या कड्या होत्या. एक तिने बोटांनी चाचपली.

"आईंच्या आहेत?"

"हां."

ती वळून शेगडीचं बटण उगाच फिरवत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते. बघू तरी पेटते का."

"आणि हा उरला," शिवतेजने तिसरा पडदा उचलला. "वरच्या बंकचा. तिथे सामानच ठेवणार ना आपण?"

ट्रेलरचा फोटो शिवतेजने पहिल्यांदा मोबाइलवर दाखवला, तेव्हा रंगूबाई होती. वरच्या फळीवर बोट ठेवून ती म्हणाली होती, "ही माजी. खिडकी हाय. ह्यांचं घोरणं खाली ऱ्हाऊ दे."

हौसेरावांनी पडदा त्याच्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि वरच्या फळीवर खिडकीच्या बाजूला ठेवला. "सामान बाकीच्या जागंत बसंल," ते म्हणाले. "कधी निगायचं?"

शिवतेजने बायकोकडे पाहिलं. "शनिवारी. पहाटे."

"मंग जरा पडून बघतो. लांबी पुरतीया का."

ते खालच्या बंकवर आडवे झाले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. पाय पुरत होते. डोळ्यांसमोर वरची फळी होती, हात वर केला तर लागेल एवढी जवळ. थोड्या वेळाने बाहेर कप वाजले. त्यांनी पडदा जरासा सरकवला. कड्या खळखळल्या.

"उठलात अण्णा? झालाच चहा," मोनाली बाहेरून म्हणाली.

"येतो."

पण ते लगेच उठले नाहीत. वर बघत त्यांनी हलकेच घसा खाकरला.

वर कुणी सावरून बसलं नाही.