चार नंबरची बस आणि सातवं कलम

मावशीला निवृत्त होऊन पाच महिने झाले होते आणि तेवढ्यात तिने घरातली सगळी कपाटं दोनदा आवरून टाकली होती. परिवहन खात्यात एकोणतीस वर्षं ती नियमांचे मसुदे लिहायची. गाडीच्या काचा किती काळ्या असाव्यात, नंबरप्लेटवरचा आकडा किती जाड असावा, असलं सगळं तिच्या टेबलावरून जायचं. एका दुपारी भाची लॅपटॉप काखेत मारून आली आणि म्हणाली, "मावशी, आमच्या शहराला वाहतुकीचे नवे कायदे लिहून देतेस?"

मावशीने चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, "शहर कुठलं?"

"कॉम्प्युटरमधलं."

मग भाचीने नीट समजावून सांगितलं. हा ऑनलाइन खेळ होता, पण त्यात जिंकणं-हरणं नव्हतं. तीनेकशे लोक एका काल्पनिक शहरात राहायचे. प्रत्येकाने एक काम निवडायचं, पोलीस, नर्स, टॅक्सीवाला, काय हवं ते, आणि खेळात असेपर्यंत त्या माणसासारखंच वागायचं, बोलायचं. भाची दिवसभर प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि तिथे मात्र महापौर होती. मागच्या आठवड्यात आगीचा बंब आणि पोलिसांची गाडी एकाच चौकात अडकली, चूक कोणाची यावरून जुंपली, आणि बाराजण रुसून शहर सोडून गेले.

"कायदे नाहीत का तुमच्याकडे?"

"आहेत की. त्रेसष्ट."

मावशी चष्मा लावून वाचायला बसली आणि दहाव्या मिनिटाला तिला हसू आवरेना. "अठ्ठाविसावा नियम. 'तळ्यात गाडी उभी करू नये.' हे कोणी लिहिलं?"

"मीच. एकाने केली होती."

"आणि एकोणतिसावा, 'तळ्यात गाडी आडवीही ठेवू नये'?"

"तो म्हणाला, माझी उभी नव्हतीच."

मावशीने लॅपटॉप मिटला. "हे कायदे नाहीत, भांडणांची जंत्री आहे. बारा कलमांत बसवून देते. पण आधी मला रस्ते बघायचे आहेत."

हा हट्ट जुना होता. खात्यात तिच्यापुढे नुसते नकाशे यायचे. चौक प्रत्यक्ष पाहून येऊ द्या, असं ती वरचेवर म्हणायची आणि साहेब वरचेवर म्हणायचे, बाई, कागदावर सगळं दिसतंय की. शिवाय एक गोष्ट तिने कधी कोणाला फारशी सांगितली नव्हती. गाड्यांचे नियम लिहिण्यात हयात घालवलेल्या मावशीला गाडी चालवता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने तिला खेळात एक निळी छोटी गाडी दिली आणि कानाला हेडफोन लावून दिले. मावशीने पुढे जायचं बटण दाबलं ते दाबूनच धरलं. गाडी सुसाट सुटली, फुटपाथ ओलांडून बागेतल्या कारंज्यात शिरली आणि तिथेच गोल फिरत राहिली. थोड्याच वेळात तिथे एक गणवेशातली बाई येऊन उभी राहिली.

"बाई, परवाना दाखवता?"

ती तिथली फौजदार. खऱ्या आयुष्यात ती दातांची डॉक्टर होती, आणि बोलणंही तसंच, आता थोडं दुखेल असं सांगून मग दुखवणारं. तिने मावशीची पावती फाडली, पण नवे कायदे हीच बाई लिहिणार आहे हे कळल्यावर जरा मऊ झाली. "एक काम करा," ती म्हणाली. "कमीत कमी वेगाचं कलम घाला. आमच्याकडे चार नंबरची बस आहे. पंचवीसच्या वर जात नाही. प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट दार उघडं ठेवते, चढणारं चिटपाखरू नसलं तरी. मागे रांग लागते, लोक वैतागून ओव्हरटेक करतात आणि धडकतात. महिन्यात तीस अपघात झाले, त्यातले एकोणीस त्या बसच्या मागे."

आकडे ऐकल्यावर मावशीला पटलं. आठवडाभर बसून तिने मसुदा तयार केला. सिग्नल, ॲम्ब्युलन्सला वाट, पार्किंग, तळ्याचा प्रश्नही एका ओळीत मिटवला. सातवं कलम लिहिलं: मुख्य रस्त्यावर चाळीसपेक्षा कमी वेगाने वाहन चालवू नये. भाषा गोळीबंद होती. तरी रस्ता बघितल्याशिवाय सही करायची नाही, म्हणून ती एका दुपारी चार नंबरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

बस आली, दार उघडलं. हेडफोनमध्ये एक वयस्कर, खर्जातला आवाज आला. "या. कुठे उतरणार?"

"कुठेच नाही. बघायला आलेय."

"मग खिडकीशी बसा. डावीकडची बाजू बरी आहे, नदी दिसते."

बस निघाली ती इतकी अलगद, की मावशीला दोन मिनिटं कळलंच नाही. नदी गेली, दवाखाना गेला. मागे हॉर्नचा गोंगाट चालू होता. शेवटी तिने विचारलं, "इतकं हळू का चालवता हो?"

"जोरात वळवली की उभे असलेले पडतात."

"उभं कोणीच नाहीये."

"खरंय," तो म्हणाला आणि हसला. "सवय. सव्वीस वर्षं खरी बस चालवली. एकदाही कोणाला पाडलं नाही."

"आणि आता?"

एक थांबा आला, दार उघडलं, अर्ध्या मिनिटाने बंद झालं. "साखरेने डोळे खाल्ले. दोन वर्षं झाली. परवाना स्वतःच नेऊन दिला. सहा महिने नुसता बसून होतो, घरात कोणी उठा म्हटलं तरी राग यायचा. मग सुनेने हा मोठा पडदा आणून दिला. वीतभर अंतरावर बसलो की उजवं सगळं दिसतं. डावीकडचं बघायला मान वळवावी लागते. पंचवीसच्या वेगात तेवढा वेळ मिळतो. तिसात नाही मिळत."

सातवं कलम तिच्या समोरच्या कागदावर होतं. लपवून ठेवणं तिला जमलं नाही. "मी नवे कायदे लिहितेय," ती म्हणाली. "त्यात चाळीसची अट आहे."

"ऐकलंय. झाला कायदा तर पाळेन. आगारात लावून टाकीन गाडी."

तो हे अगदी सरळपणे बोलला. मग तोच पुढे म्हणाला, "पण एक सांगू का, बाई? अपघात माझ्या वेगामुळे होत नाहीत. थांबे चुकीच्या जागी आहेत. हा पुढचा बघा. वळण संपतं न संपतं तोच थांबा. मागच्याला बस दिसते तेव्हा ती त्याच्या नाकाशी असते. थांबा तीस पावलं पुढे न्या आणि रस्त्यातून जरा आत घ्या. मागचे जातील निघून. चालवणाऱ्याला हे कळतं, नकाशावाल्याला कळत नाही."

शेवटचं वाक्य मावशीला चांगलंच झोंबलं, पण त्यात तिला एक प्रकारचा आनंदही झाला; साहेबांना ती इतकी वर्षं हेच तर सांगत होती.

उतरताना तिने विचारलं, "रविवारी या कलमांवर सभा आहे. तिथे तुमच्या डोळ्यांबद्दल सांगू? सगळे समजून घेतील."

"नका सांगू. तिथे मी ड्रायव्हर आहे. बिचारा नाही."

घरी येऊन तिने अपघातांची यादी मागवली आणि भाचीला नकाशावर खुणा करायला बसवलं. एकोणीसपैकी सतरा अपघात तीनच थांब्यांवर झाले होते आणि तिन्ही वळणाला चिकटून होते. मावशीने लाल पेनाने सातवं कलम आडवं खोडलं.

"मावशी, फौजदार तुला सोडणार नाही," भाची म्हणाली.

"दात तर नाही ना काढणार?"

रविवारी सकाळी अकराला खेळातल्या नगरभवनात सभा भरली. शे-सव्वाशे लोक जमले. कोणी गणवेशात, कोणी स्वयंपाक्याच्या टोपीत, एकजण काही कारण नसताना हातात शिडी घेऊन. मावशीने कलमं वाचून दाखवली. हॉर्नबंदीचं कलम पहिल्याच फटक्यात पडलं; त्याचं तिला वाईट वाटलं, कारण ते तिचं लाडकं होतं. सातव्याच्या जागी थांबे हलवण्याचं कलम आलं तशी फौजदार उठली.

"वेगाचं काय झालं? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. माझी चूक झाली," मावशी म्हणाली. "मी आकडे ऐकले, जागा बघितली नव्हती." तिने नकाशा पुढे केला आणि तिन्ही वळणं एकेक करून दाखवली.

"म्हणजे एका रिकाम्या बससाठी आम्ही सगळ्यांनी थांबायचं?"

सभागृहात मागच्या रांगेत चार नंबरचा ड्रायव्हर बसला होता. मावशीच्या जिभेवर त्याच्या डोळ्यांबद्दलचे दोन शब्द आले होते. ते सांगितले असते तर सभा तिथेच जिंकली असती. तिने ते गिळले.

"थांबायचं नाही, पुढे जायचं. थांबा आत घेतला की तुम्हाला वाट मोकळी. आणि बाई, तुमच्या शहरात तीनशे लोक भूमिका करतात. त्यातला वेळापत्रक पाळणारा एकच आहे. त्यालाच पावती फाडायची?"

कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. मतदान झालं. अठ्ठावन्न विरुद्ध एकावन्न. कलम मंजूर. थांबे हलवायला भाचीला पाऊण तास लागला.

पुढच्या पंधरवड्यात त्या रस्त्यावर एकच अपघात झाला आणि तोही शिडीवाल्याचा. फौजदारबाईने मावशीला निरोप पाठवला: "कबूल करायला आवडत नाही, पण वळणांबद्दल तुमचं बरोबर होतं." त्याच दुपारी ती स्वतः दवाखान्याच्या थांब्यावरून चार नंबरमध्ये चढली. तिला पाहून आणखी दोघं चढले. ड्रायव्हरने तिघांनाही नदीची बाजू सुचवली.

भाची पुढच्या आठवड्यात मावशीकडे आली ती खुशीची बातमी घेऊन. "सगळ्यांचं म्हणणं आहे, तुला कायदामंत्री करायचं. मोठी खोली, शिपाई, सगळं."

"नको गं बाई. एकोणतीस वर्षं खोलीतच बसले होते. मला दुसरी नोकरी दे."

"कुठली?"

मावशीने सांगितलं. भाचीने आधी नाही म्हटलं, मग हसत हसत लॅपटॉप उघडला आणि बसमध्ये एक दोरी आणि एक घंटी बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बस आगारातून निघताना सात उतारू होते. त्यातला एकजण उभा होता. मावशीने सगळ्यांची तिकिटं फाडली, उभ्याला दांडी धरायला लावली आणि दाराशी येऊन थांबली.

"झालं का, कंडक्टरबाई?" पुढून आवाज आला.

"झालं," ती म्हणाली आणि दोनदा दोरी ओढली.