म्हैसासुराची मान

पाण्याच्या हंड्यापायी माणूस मरतो, असं बहात्तरच्या आधी साजणवाडीत कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला येड्यात काढलं असतं. अहो, अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा डोंगर तो! पावसाळ्यात तिथं अंगावरचं घोंगडं वाळत नाही. पण त्या साली आभाळानं असं तोंड फिरवलं की भाताची रोपं लावणीआधीच करपली, आणि दिवाळी व्हायच्या आत वाडीला पाण्याचा एकच झरा उरला. त्या झऱ्यावर नंबर कुणाचा, यावरून भीमानं कानिफनाथाच्या डोक्यात पहार घातली.

एकाच घावात कानिफनाथ हंड्यावर कोसळला. हंडा कलंडला आणि रक्त नि पाणी एकाच उताराला लागलं. बायका किंचाळत पळाल्या, पण त्यातली एक आपली घागर भरून घेऊनच पळाली. दुष्काळ असा असतो बाबा!

हे सगळं सहादेवानं डोळ्यांनी पाहिलं. भीमा त्याचा धाकटा भाऊ. आई मरताना पोर रांगत होतं, तिनं ते उचलून सहादेवाच्या मांडीवर ठेवलं होतं. तेव्हापासून भीमानं कुणाचं डोकं फोडावं, कुणाची मेंढी पळवावी आणि सहादेवानं हात जोडत फिरावं, असंच चाललेलं. आपला तो बाब्या! पोलीस आले तेव्हा सहादेवानं जबाब दिला, "भीमा माझ्यापाशी घरात रंग घोटत हुता." सहादेवाचा शब्द म्हटल्यावर वाडीत दुसऱ्या कुणी तोंड उघडलं नाही. भीमा सुटून आला आणि येताना मिशीला पीळ देत आला.

सहादेवाच्या शब्दाला एवढी किंमत का, तर तो वाडीचा चितारी होता. मारुतीला शेंदूर त्यानं द्यायचा, शाळेच्या भिंतीवर हत्ती-घोडे त्यानं काढायचे, लग्नघराच्या दारावर गणपती त्यानं रंगवायचा, आणि हे सगळं गावासाठी म्हणून, फुकट. पण त्याची खरी कला बोहाड्यात. वैशाखात वाडीचा बोहाडा भरायचा. देवादैत्यांचे मुखवटे घालून माणसं रात्रभर संबळाच्या तालावर नाचायची. रात्र थोडी अन् सोंगं फार, ही म्हण आमच्याकडं म्हण नाहीच, खरोखरची अडचण आहे. रद्दी कागद चिंचोक्याच्या खळीत भिजवून सहादेव ते मुखवटे घडवायचा, दर साली नव्यानं रंगवायचा, आणि देवीपुढं सोंगाच्या तोंडावर मुखवटा बांधायचा मानही त्याचाच.

सोंगांची बोली लागायची. जो जास्त बोलेल त्यानं ते सोंग घ्यायचं, आणि आलेल्या पैशातून कधी देवळाचा कळस, कधी शाळेची कौलं. त्या साली सहादेवच म्हणाला, "पैशाची बोली नको. धान्याची लावा. वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक चूल पेटवू." बोहाड्याचा कारभार पाहणारे म्हातारे कारभारीबाबा तर रडलेच. म्हणाले, "पोरा, देवी तुझ्या तोंडून बोलली."

एकच सोंग बोलीत नसायचं. म्हैसासुराचं. ते सहादेवाच्या घराण्याचं, पिढीजात, आणि नाचायचा भीमा.

बोलीच्या दिवशी कानिफनाथाचा थोरला भाऊ गहिनीनाथ उठला. भाऊ गेल्यापासून हा माणूस कुणाशी बोलत नव्हता. खडीच्या कामावर जायचा, दिवसभर दगड फोडायचा आणि घरी यायचा. तो उठला आणि म्हणाला, "देवीचं सोंग माझं. माझ्या कणगीत हाय तेवढं समदं."

लोक चरकले. कणगीत होतं ते बियाण्याचं भात. पोटाला चिमटे काढून राखलेलं. दुष्काळात बियाणं कुणी सोंगावर उधळतं होय? त्याची बायको राहीबाई शेजारीच उभी होती. ती एका शब्दानं आडवी आली नाही. बोली तिथंच तुटली आणि देवीचं सोंग गहिनीनाथाचं झालं.

त्याच संध्याकाळी भीमा सहादेवाच्या ओट्यावर आला. मिशीचा पीळ गेला होता.

"दादा, त्यानं मला मारायला सोंग घेतलंय."

"काईतरीच! देवीचं सोंग हाय ते."

"मंग बी-बियानं कशापायी देईल? म्या डोळ्यानं बघितलंय. लोहाराकडं तलवार पाजवीत हुता. खरी तलवार, दादा! म्हैसासुरानं मान खाली घालायची, अन् देवीनं तीन डाव तलवार टेकवायची. तिसऱ्या डावाला तो टेकवनार न्हाई, उतरवनार. अंगात देवीचं वारं आलं हुतं म्हनंल. कोन काय करनार त्याला?"

"मंग तू सोंग घेऊ नगंस."

"घराण्याचं सोंग सोडू? लोक म्हनतील, भ्याला. अन् भ्याला म्हंजी खून त्यानंच केला." भीमानं त्याचे पाय धरले. "तू मुखवट्याचे डोळे बुजव. आंधळ्याच्या तलवारीतनं मी सुटंन. आयेनं मला तुझ्या मांडीवर टाकलंय, दादा!"

हा शेवटचा खिळा बरोबर बसायचा. भीमाला तो कुठं ठोकायचा ते पक्कं ठाऊक होतं.

आता सहादेवाला एक गोष्ट लहानपणापासून माहीत होती. देवीनं म्हैसासुराच्या मानेला तलवार लावली, मग दोघं मुखवटे उतरवून एका पानावर जेवले, की त्या दोन घरांतलं जुनं वैर संपलं. पुन्हा ते कुणी उकरायचं नाही. आजोबांच्या काळात दोन खुनी घरं अशीच शांत झाली होती. हे सगळं ठाऊक असून त्याला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं कसं नाही म्हणता? भीती एकदा मनात शिरली की माणसाला दुसऱ्याच्या हातातला गुळाचा खडासुद्धा दगड दिसतो.

देवीच्या मुखवट्याला रंगवलेले मोठे डोळे होते, आणि नजरेची खरी फट त्यांच्या खाली काजळाच्या रेघेत लपवलेली. आदल्या दिवशी गहिनीनाथ येऊन मुखवटा लावून बघून गेला होता. तो गेल्यावर सहादेवानं आपल्या लेकाला बाहेर पिटाळलं आणि त्या फटीवर आतून खळीत भिजवलेलं फडकं चिकटवलं, वाळवलं, वर आणखी एक चिकटवलं आणि बाहेरून काजळ ओढलं. काम सफाईदार झालं. मेलं, कला ती कला!

शेवटचं सोंग देवीचं. ते दिवस उगवल्यावरच निघायचं. पूर्वेला रतनगडाच्या बाजूनं उजाडलं, संबळ चढला, आणि गहिनीनाथ हिरवं लुगडं नेसून देवीपुढं गुडघ्यावर बसला. सहादेवानं मुखवटा त्याच्या तोंडावर ठेवला आणि मागं दोरी आवळली. एकदा बांधलेला मुखवटा सोंग संपेपर्यंत सोडायचा नाही, हा नेम.

मुखवट्याच्या आतून दबका आवाज आला. "सहादेवदादा, काईच दिसंना."

सहादेवानं दोरीला दुसरी गाठ मारली. तोंडातून निघालं, "नजर बसंल. देवी दावील."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला.

एवढंच म्हणाला. ज्याच्या भावाच्या खुन्याला ह्यानं पाठीशी घातलं, तो माणूस 'बरं' म्हणाला आणि उठला.

कारभारीबाबांनी त्याचा पदर धरून त्याला मैदानात आणून सोडलं. समोरून काळं घोंगडं पांघरून, शिंगांचा मुखवटा घातलेला भीमा हुंकारत आला. देवीची पावलं अडखळत होती. एक हात चाचपडत पुढं, दुसऱ्या हातात तलवार. लोक ओरडले, "वारं आलं! देवीचं वारं आलं!" बायकांनी हळदकुंकू उधळलं. आंधळ्या माणसाची धडपड त्यांना देवीचा संचार वाटली.

तेवढ्यात सहादेवाला मैदानाच्या कडेला राहीबाई दिसली. तिच्या डोक्यावर झाकलेलं पातेलं होतं आणि हातात पळसाची पत्रावळ. एकच पत्रावळ.

 नवरा मुडदा पाडायला निघालाय आणि बायको भात शिजवून आणते? कुणासाठी? आणि मग त्याला आजोबांच्या काळातली ती दोन घरं आठवली. आत्ता आठवली! त्या बियाण्यातलं मूठभर मागं राखून ह्या बाईनं एका पानापुरता भात रांधला होता.

"थांबवा!" तो ओरडला. "संबळ थांबवा! मुखवटा काढा त्याचा!" पण संबळाच्या आणि आरोळ्यांच्या गदारोळात कोण ऐकतो? तो माणसं लोटत मैदानात घुसला. जवळ पोचला तेव्हा त्याला गहिनीनाथाचा आवाज ऐकू आला.

"भीमा, कुठं हायेस? मला दिसंना. मान खाली घाल बाबा, म्हंजी मिटलं."

भीमानं मान खाली घातली नाही. त्यानं लाकडी गदा फेकली, घोंगड्याखालून कोयता काढला आणि चाचपडणाऱ्या हातावर पहिला घाव घातला. बोटं तुटून धुळीत पडली. गहिनीनाथ ओरडला, पण मुखवट्यात ती आरोळी घुमून आतच राहिली, आणि लोकांनी जयजयकार केला. अहो, जयजयकार! दुसरा घाव खांद्यात शिरला. तो गुडघ्यावर आला. वार कुठून येतोय ते त्याला कळत नव्हतं, तो तोंड भलत्याच दिशेला वळवून हात जोडायला बघत होता, पण एका हाताला बोटंच उरली नव्हती. तिसरा घाव मानेवर बसला.

मग मात्र संबळ थांबला.

सहादेव भावावर तुटून पडला. भीमाचा शिंगांचा मुखवटा त्यानं ओरबाडून काढला. खाली भीमा चक्क हसत होता. "दादा, झालं! सोंगाच्या भरात लागलं म्हनू, कोन साक्ष देनार न्हाई."

"लोहाराकडं तलवार पाजवीत हुता ना तो?" सहादेवानं विचारलं.

"कसला लोहार? तो जिता हुता तवर मला झोप न्हवती. एवढं बी कळंना तुला?"

सहादेवानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटले. भीमानं कोयता उगारला तोच चार-पाच जण त्याच्यावर पडले. कुणी दांडकं घातलं, कुणी दगड, कुणी त्याचीच गदा त्याच्या गुडघ्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या मैदानानं ऐकला. कारभारीबाबा मध्ये आडवे पडले म्हणून तो जिवंत राहिला. त्याला करकचून आंब्याला बांधला आणि एक जण पोलिसांना आणायला राजूरच्या वाटेनं पळाला.

गहिनीनाथाची तलवार धुळीत पडली होती. सहादेवानं ती उचलली. फुलाएवढं वजन. सागाची फळी आणि वर पत्रा. गेल्या साली त्यानं स्वतः मढवलेली, तीच.

राहीबाईनं पातेलं खाली ठेवलं. ती नवऱ्यापाशी बसली, दोरी सोडली, मुखवटा काढला. तिनं हंबरडा फोडला नाही. रक्तानं भिजलेला तो मुखवटा तिनं उलटा धरला, आत बघितलं, मग तोंडावर लावून सूर्याकडं बघितलं. 

मुखवटा खाली घेऊन ती म्हणाली, "ह्यातनं तर काईच दिसत न्हाई. काल लावून बघितला तवा त्यांला दिसत हुतं. सहादेवभावजी, डोळे कुठं गेले ह्याचे?"

आंब्याखालून भीमा ओरडला, "दादा, गप ऱ्हा! देवीनंच मिटले म्हन!"

लोकांनी तेही मान्य केलं असतं. सहादेवाचा शब्द होता ना! एकदा चाललेलं खोटं आणखी एकदा चाललं असतं.

"म्या बुजवले," सहादेव म्हणाला. "खळ लावून बुजवले. अन् कानिफनाथाला भीम्यानंच मारला. म्या झऱ्यावर उभा राहून बघितलं हुतं."

पुढं सरसावलेल्या माणसांना राहीबाईनंच हात करून थांबवलं. सहादेव तिच्यापुढं गुडघ्यावर बसला, तलवार तिच्या पायाशी ठेवली आणि मान खाली घातली.

तिनं तलवार उचलली. पहिला वार तिनं अंगातली सगळी ताकद लावून घातला. पत्र्याची कड मानेत घुसली आणि रक्ताची धार गळ्यावरून छातीवर उतरली. दुसऱ्या वाराला तिच्या तोंडून शिवी निघाली, आईबहिणीवरची, जन्मात कधी न दिलेली. तिसऱ्या वाराला फळी मोडली. सहादेवानं हात वर केला नाही. मोडकी मूठ हातात धरून ती उभी राहिली आणि मग तिला रडू फुटलं.

रडणं ओसरल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले, पत्रावळ पसरली आणि पातेल्यातला भात तिच्यावर ओतला.

"खा."

"वहिनी, मला मारून टाक. पर हे नगं."

"घरात माझे दोन लेक हायेत," राहीबाई म्हणाली. "उद्या मोठं झाल्यावर ते तुझ्या लेकाच्या मागं कोयता घेऊन फिरतील. त्येच व्हऊ नये म्हनून मालकानं बियानं दिलं. तुझ्यासाठी न्हाई म्हनत मी. खा."

ती पत्रावळीच्या पलीकडं बसली आणि तिनं पहिला घास उचलला. चावताना तिची नजर सहादेवावर होती. मागं गावाच्या चुलीसाठी आणलेली भाताची पोती रचून ठेवली होती. पुढं पाऊस पडेपर्यंत वाडीतली म्हातारी माणसं त्याच भातावर जगली.

सहादेवानं हात पुढं केला. मानेचं रक्त कोपरापर्यंत ओघळून बोटांवर आलं होतं. तसाच त्यानं भात कालवला आणि घास तोंडात घातला.