एका शालीतले तिघे

आमच्या मांजरीला घरात सगळे आत्याबाई म्हणतात, कारण कुठलंही भांडं उघडलं की ती आधी डोकावून जाते. त्या दिवशी मात्र आत्याबाई टोपलीत बंद होत्या आणि सुनेने टोपलीला दोरी बांधली होती.

नातीच्या मानेवर गजकर्ण उठलं होतं. औषध लावूनही ते पसरतच चाललं होतं.

"हे मांजरीचंच काम असलं, तर दवाखान्यातूनच हिची रवानगी माझ्या भावाकडे," सून म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी एरवी तरी कुठे बोलतो? नातीचा हात धरून मागोमाग निघालो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंचा कान उलटा केला. मागे बटणाएवढी जागा केस झडून उघडी पडली होती. चिमट्याने दोन-चार केस उपटून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

"गजकर्णाचीच बुरशी आहे."

"तरी मी म्हणत होते!" सून म्हणाली.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. "आजोबा, बाही वर करा बघू. मघापासून खाजवताय."

कोपराजवळचं माझं गजकर्ण उघडं पडलं. "किरकोळ आहे," मी पुटपुटलो. "हे लावलं की दबतं." मी खिशातली ट्यूब पुढे केली.

"मला पण आजोबाच लावतात!" नात अभिमानाने म्हणाली.

सून गर्रकन वळली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"यात स्टेरॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाज थांबते, लाली जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. हे बंद करा आणि दोघंही त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मांजरीचं औषध मी देते. तिघं एकत्र कुठे बसता?"

"आजोबांच्या शालीत. गोष्ट ऐकायला."

"मग कोणी कोणाला दिली, कोण सांगणार? शाल गरम पाण्यात धुवा. बरे होईपर्यंत वेगळे बसा."

परतताना भावाच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्यापाशी सून थांबली. टोपलीतून एक केविलवाणं म्याव आलं.

"आता भावाकडे कोणाला पाठवू? मांजरीला की सासऱ्यांना?"

"दोघांनाही चालेल," मी म्हणालो. मी ते मनापासून म्हणालो होतो. पण तिला हसू फुटलं.

"काही नको. तुमच्या खोलीत राहा दोघं, दार लावून. आणि यापुढे मलम मी देईन तेच."

संध्याकाळी नात दाराबाहेर चटई टाकून बसली. आत्याबाई खिडकीत, मी खुर्चीत, शाल दोरीवर. मी पुस्तक उघडून वाचू लागलो. माझा आवाज मुळातच बारीक. दारापलीकडे काय जाणार?

"बाबा, जरा मोठ्यानं वाचा की," स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला. "रोज शेवट ऐकूच येत नाही."