शेपूची जुडी

"हिरालालभैया, हे काय आणलं?" करिष्मानं पाकीट मागच्या खोलीतल्या ओट्यावर ठेवलं आणि तिला हसूच आवरेना. एक किलो सोयाबडी, सोयाबीनच्या वड्या!

स्टोअरच्या हिरालालनं यादीचा कागद तिच्या नाकासमोर धरला. "साहब ने सोया लिखा, सोया लाया। भाजी लिखते तो भाजी लाता।"

लिहिलं होतं खरंच सोया. झालं होतं असं, की मॅनेजर सुमंत सरांनी डिल नावाच्या पाल्याला हिंदीत काय म्हणतात ते मोबाइलला विचारलं आणि आलेलं उत्तर डोळे झाकून यादीत उतरवलं. तीन पिढ्या दुर्गला राहिलेला मराठी माणूस, पण पाल्याचं नाव मोबाइलला विचारायचं! घरी आईला विचारलं असतं तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं.

पाला हवा होता बिर्गिट मॅडमच्या पेयासाठी. या डेन्मार्कच्या बाई पाच आठवडे भिलाईतल्या हुडको वसाहतीजवळच्या या 'नीलगगन' हॉटेलात राहून एका खासगी कारखान्यातलं यंत्र जोडून देत होत्या. उद्या त्या परत निघणार होत्या. आज सहा वाजता कारखान्यातल्या आठ जणांना त्या आपल्या मुलुखाची दारू पाजणार होत्या, तीही नुसती नाही, तर लिंबू, साखरेचा पाक, अंड्याचं पांढरं आणि हा पाला घालून फेसाळलेली. दारूचं नाव अक्वाविट. बाटली एकच होती, आणि वाया गेली तर दुसरी भिलाईत मिळणार नव्हती.

करिष्मानं बूच काढून वास घेतला. आधी शहाजिरं आलं. त्याच्या मागून जे आलं त्यानं ती चमकलीच. शेपू! हाच तो डिल, हाच यादीतला हिंदी सोया. शाळेत तिचा डबा उघडला की शेजारच्या पोरी नाक धरून बाक सोडायच्या. 'घास खाती है' म्हणायच्या. आता तोच वास विमानातून आला होता आणि सगळे त्याची सरबराई करत होते. तिला बरं वाटलं, आणि थोडा रागही आला.

करिष्मा रामटेके दोन वर्षं या बारमध्ये होती. बारमध्ये म्हणजे बारच्या मागच्या खोलीत. लिंबं कापायची, ग्लास पुसायचे, पाक करायचा. डिप्लोमा पहिल्या वर्गात झाला होता, पण काउंटरवर उभं राहायचं म्हटलं की सुमंत सरांचं ठरलेलं वाक्य यायचं, "भिलाई आहे ही, गोवा नाही." म्हणून आज रायपूरहून बारटेंडर राजदीपला बोलावलं होतं. बाटल्या हवेत फेकून झेलण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

चार वाजता राजदीपनं नमुन्याचा एक ग्लास केला. अंडं, लिंबू, दारू, बर्फ सगळं एकदम शेकरमध्ये घातलं, वर पुदिना खोचला. फेस आला तसा बसला. बिर्गिट मॅडमनी एक घोट घेतला, "छान," म्हटलं आणि ग्लास हलकेच बाजूला सारला. ते छान कसलं होतं ते सगळ्यांनाच कळलं.

करिष्मा मागच्या दारातून बाहेर आली. "सर, बर्फ आधी नाही टाकत. अंडं आखडते मंग. आधी कोरडंच हलवायचं, फिर बर्फ. अन् पुदिना नाही, शेपू पायजे. मी करते."

"तर कर न. मागं बनवून दे, राजदीप समोर देईल."

"मागं नाही. काउंटरवर करीन, नाही तर नाही करत."

"करिष्मा, डोकं फिरलं काय तुझं? लोकं येऊन राहिले सहा वाजता. अन् तू तर पीत पण नाहीस."

"नाही पीत. आमच्या घरी पाचवं शील पाळतात, मी पण पाळते."

"मग चव कशी समजेल तुले?"

"वासानं. सर, तुमच्या घरी नैवेद्याचा सैपाक चाखून करतात काय?"

"चाखून कसा करतील! उष्टा होते न."

"मंग मीठ चुकते कधी?"

सुमंत सरांच्या आईनं जन्मभर न चाखता नैवेद्य रांधला होता आणि आमटीचं मीठ एकदाही चुकलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, काय चाललंय? करिष्मानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मॅडम खळखळून हसल्या आणि काउंटरसमोरचं उंच स्टूल ओढून बसल्या. आता या मुलीलाच करू द्या, हे त्यांनी तोंडानं सांगायची गरज राहिली नाही. राजदीपनं शेकर धुऊन तिच्या हातात दिला.

काउंटर मिळालं, पण शेपू? बाजारात पाठवायचं तर हिरालाल या वेळी काय घेऊन येईल देव जाणे. शेपू होता रुआबांध्याला, तिच्या घरामागच्या वाफ्यात, बाबांनी लावलेला. मागायचा तर बाबांनाच. पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, तीस वर्षं काढलेले तिचे बाबा, गुलाब रामटेके, दारूच्या थेंबाला शिवलेले नव्हते. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शिलाला त्यांचा आवाज चढायचा. लेक काय करते असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "हॉटेलात हाये." त्यापुढचा शब्द त्यांनी दोन वर्षांत उच्चारला नव्हता. हॉटेलच्या फाटकाशीही ते कधी आले नव्हते.

तिनं फोन लावला. "बाबा, शेपूची एक जुडी आणून देता काय? हॉटेलात."

"कायले?"

खोटं बोलता आलं असतं. भाजीला म्हणाली असती तर ते धावत आले असते. "दारूत टाकाले," ती म्हणाली. "आज मी काउंटरवर उभी हाओ, बाबा."

पलीकडून फोन बंद झाला. तिला रडू आलं, पण ती रडली नाही. डझनभर अंडी फोडून पांढरं वेगळं करायला लागली.

सहाला दहा कमी असताना बाहेर चौकीदाराचा आवाज आला, "बाबा, पीछे से जाओ, किचन की तरफ से।"

"मागून कावून?" हा आवाज करिष्मानं हजारात ओळखला असता. "पोरीच्या हातात द्याची हाये. समोरून जाईन."

आणि गुलाबराव समोरून आले. पँटला सायकलची क्लिप, हातात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी. जुडी काउंटरवर ठेवून ते बाजूला उभे राहिले. पाहुणे जमले होते. करिष्मानं शेपूच्या कोवळ्या काड्या बोटांनी चुरडून वास घेतला, दारू, लिंबू, पाक आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर शेकरात टाकल्या, झाकण गच्च धरलं आणि बर्फाशिवाय हलवायला लागली. दंड भरून येईस्तोवर थांबली नाही. मग बर्फ. मग गाळून ग्लासात. वर दोन बोटं घट्ट पांढरा फेस, त्यावर शेपूची एक काडी.

बिर्गिट मॅडमनी घोट घेतला, आणखी एक घेतला, आणि ग्लास रिकामा करूनच खाली ठेवला. "आता सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना देऊन झाल्यावर करिष्मानं एक ग्लास निराळा केला. लिंबू, पाक, अंडं, शेपू. बाटलीला हातच लावला नाही. तो तिनं बाबांसमोर ठेवला. "यात काही नाही, बाबा."

गुलाबराव स्टुलावर बसले. तेवढ्यात पाहुण्यांतला एक जण वळला. नरेश, आधी प्लांटमध्ये त्यांच्या हाताखाली होता, विहारातही यायचा. "काका! तुम्ही? बारमंदी?"

करिष्मानं नरेशकडे न बघता शेकर धुवायला घेतला.

गुलाबरावांनी सावकाश एक घोट घेतला. "हाव. माही पोरगी इथं बारमंदी काम करते," ते म्हणाले. आवाज रविवारी विहारात चढतो तसाच चढला होता. "तिले शेपू पायजे होता, आणून देला. धंदा मले आजही पटत नाही. तिच्या तोंडावर सांगतो. पण पोरगी चोरून काही करत नाही, अन् मीही चोरून आलो नाही."

नरेशनं आपला ग्लास खाली ठेवला. सुमंत सर उगाच टिश्यू पेपर सारखे करत राहिले.

गुलाबरावांनी ग्लास संपवला आणि लेकीकडे पाहिलं. कधी तरी काउंटर मिळेल म्हणून करिष्मा तीन महिने घरी अंड्याचं पांढरं फेसायचा सराव करत होती, आणि घरात रोज उरलेल्या पिवळ्याची भुर्जी व्हायची. ती त्यांनी कधीच काही न विचारता खाल्ली होती.

"तीन महिने पिवळंच खाऊन राहिलो," ते म्हणाले. "पांढरं कुठं जाते ते आज समजलं."

ते उठले. त्यांच्या मिशीला फेस लागला होता. करिष्मानं टिश्यू पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. तसेच, भरल्या बारमधून, समोरच्या दारानं बाहेर पडले.