त्याच्याखेरीज सारं मुकं

त्या घरातल्या बायकांना जन्माचा जोडीदार कानांनी कळायचा. तो जवळ आला की बाकी सगळे आवाज बंद पडायचे, त्याचा तेवढा ऐकू यायचा. आजीचं तसं झालं होतं, आईचंही. थोरली छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होती. दिवसभर कानठळ्या बसवणारा खडखडाट. चौतिसावं सरत आलं तरी तो एकदाही थांबला नव्हता. "माझ्या वाटचा मुकाच असणार," म्हणून ती हसण्यावारी न्यायची.

मग एका रविवारी धाकटी एकाला घरी घेऊन आली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि धाकटीच्या ऑफिसातली लिफ्ट सारखी बिघडायची. "ताई, तो बोलायला लागला आणि अख्खा जिना गप्प झाला गं!" असा डंका तिने आठवडाभर आधीच पिटला होता.

थोरलीने दार उघडलं. रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा टीव्ही, गॅसवरचा कुकर, सगळं एकदम थांबलं. धाकटीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"ताई, आधी पाणी द्या," तो म्हणाला. "चार मजले चढून आलोय. तुमची लिफ्ट बंद, आणि माझी आज सुट्टी!"

थोरली आत गेली. मग तिच्या मनात आलं, आपल्याला हे होतंय, तर धाकटीला कसं झालं? ती स्टीलचं मोठं ताट घेऊन बाहेर आली. तो काहीतरी सांगत होता, धाकटी ऐकत होती. तिच्या पाठीमागे थोरलीने ताट फरशीवर सोडलं. थोरलीला काहीच ऐकू आलं नाही. धाकटी मात्र दचकून उडालीच.

"हिला ताट ऐकू आलं," थोरली त्याला म्हणाली. "मला नाही आलं. मला फक्त तुम्ही ऐकू येताय."

आई कोपऱ्यातून हातवारे करून तिला गप्प बसवत होती. थोरलीने बघितलंच नाही.

तो धाकटीकडे वळला. "खोटं सांगितलंस?" धाकटीचे ओठ हलले. "आवडणं वेगळं," तो म्हणाला. "तू म्हणालीस नशिबात आहे. त्याच भरवशावर मी घरी भांडून आलो."

तो गेल्यावर आवाज परतले, धाकटीच्या हुंदक्यांसकट.

"हो, बोलले खोटं! तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं, ताई?"

"माझं बिघडलं असतं."

महिन्याभराने तो एकटाच आला. नशिबाशी कोण भांडणार, असं काहीतरी म्हणाला. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने थोरलीला स्वयंपाकघरात गाठलं. "कुणाचं ऐकायचं ते आपल्या कपाळी असतं, पोरी. त्याने आपल्याशी बोलावं, असं कुठेच लिहिलेलं नसतं. तुझा बाप सतरा वर्षं या घरात होता. किती बोलला?"

"तुला धाकटीच लाडकी," थोरली म्हणाली.

पहिले काही महिने तो बोलला. बोलता बोलता धाकटीवर घसरायचा: ती कशी आहे, तिची बदली कुठे झाली. एकदा थोरलीने ताटावरून उठत सांगितलं, "या घरात तिचं नाव काढायचं नाही." त्याने मान हलवली. तेव्हापासून नाव सुटलं, हळूहळू बाकीचं बोलणंही. तो घरात असला की थोरलीच्या कानात काही म्हणजे काही नसायचं. नळ वाहतोय हे ती हात ओला करून बघायची. छापखान्यात जादा पाळी मागून घ्यायची. तिथला खडखडाट तिला आता गोड वाटायचा.

सहाव्या वर्षी आई आजारी पडली. धाकटी परगावी, म्हणून आईला थोरलीनेच आपल्या घरी आणलं. एका दुपारी तो घरीच होता, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. थोरली दर दहा मिनिटांनी आईकडे डोकावायची. त्या दिवशी कपडे वाळत घालता घालता अर्धा तास गेला. आत गेली तेव्हा आई पलंगावरून खाली पडली होती. संपली होती.

"हाका मारत होत्या," तो दारात येऊन म्हणाला. "बराच वेळ."

"मला ऐकू येत नाही हे माहीत आहे ना तुम्हाला? सांगायचं नाही?"

"धाकटीला हाका मारत होत्या," तो शांतपणे म्हणाला. "ते नाव घ्यायचं नाही, असं तूच सांगितलंयस."

धाकटी दुसऱ्या दिवशी पोहोचली. ती थोरलीसमोर उभी राहून रडत, हात नाचवत कितीतरी वेळ बोलली. त्यातलं अक्षरही थोरलीपर्यंत आलं नाही. मग धाकटी आईची पिशवी उचलून निघाली, आणि तो तिला सोडायला जिन्यापर्यंत गेला.

"दमली असशील. काही खाल्लंस का? केस का कापलेस गं? आणि जिना चढताना अजून तशीच धापा टाकतेस..."

सहा वर्षांत तो एका दमात इतकं बोलला नव्हता. थोरली दाराआड उभी राहून एकेक शब्द ऐकत राहिली. त्याने आणखी थोडं बोलावं, असंच तिला वाटत होतं.